साडेबाराची गोड माती

आमच्या माती तपासणी कार्यालयात गिरमिटकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत आहे. बाकी सगळ्यांसाठी ते गिरमिटकाकाच. गिरमिट हे त्यांचं हत्यार: कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली पिळाचं पातं. मूठ फिरवत गेलं की पातं जमिनीत उतरतं आणि वर ओढलं की हातभर खोलीची माती घेऊन बाहेर येतं. साहेबांचं म्हणणं असं, की नाव हत्यारावरून पडलेलंच नाही. काका ज्याच्या त्याच्या डोक्याला गिरमिट लावतात म्हणून पडलंय. पिशवीत चिठ्ठी टाकली का? पिशवीच्या तोंडालाही बांधली का? दोन्हीवर आकडा एकच आहे ना? मग एकदा परत बघा.

मी तिथली आकडेबाई. हे नाव काकांनी ठेवलं, मी नोकरीला लागले त्याच दिवशी, माझ्या तोंडावर. शेतजमिनीत मीठ कुठे आणि किती साचलंय याचं संख्याशास्त्रीय मॉडेल बनवणं हे माझं काम. काका जिथे भोक पाडतात तिथला खारटपणा आपल्याला मोजून कळतो. दोन भोकांच्या मधल्या जमिनीचा अंदाज मी करते. जमिनीचा चढउतार, कालव्यापासूनचं अंतर, विहिरींची पाणीपातळी, उपग्रहाची चित्रं, सगळं मॉडेलला घालायचं, शेजारशेजारच्या भोकांचं एकमेकांशी कितपत जमतं ते बघायचं आणि नकाशा रंगवायचा. गोड माती हिरवी, खारट माती लाल. काकांच्या मते जे बसून करता येतं ते कामच नव्हे. मी नाकावर राग घेऊन फिरणारी बाई असल्यामुळे या विषयावर आमचं दर सोमवारी वाजायचं.

काका इथे आले ते तीन महिन्यांसाठी, पिशव्या उचलायला. चौथ्या महिन्यात त्यांना जा म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि बघता बघता एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी अकरा हजार दोनशे शहाण्णव भोकं पाडली. हा आकडा माझा. त्यांना विचारलं तर म्हणतील, "असतील पाच-पन्नास." माती वाळत घालायची, ढेकळं लाकडी मोगरीनं फोडायची, बारीक चाळणीतून काढायची, शुद्ध पाण्यात ढवळायची आणि त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते मीटरवर बघायचं, मीठ जास्त तर वीज जास्त. आकडा चारच्या वर गेला की ती जमीन क्षारपड. काकांना मीटरची गरज नसे. चिमूटभर माती बोटावर घेऊन ते जिभेला लावत, थुंकत आणि म्हणत, "सहा." मीटर पाच पॉइंट नऊ दाखवायचं. हीच जीभ घरी मात्र आमटीबद्दल चकार शब्द काढत नाही, असं काकूंनी मला स्वतः सांगितलंय.

महिनाअखेर काका निवृत्त होणार होते. त्याच महिन्यात आमचा मोठा नकाशा छापून निघणार होता आणि त्यावरून निचऱ्याचा मुख्य चर कुठून न्यायचा ते ठरणार होतं. चर म्हणजे जमिनीखालून बारीक भोकांचे पाइप टाकायचे, मीठ त्यातून धुऊन जातं आणि दोन-तीन वर्षांत जमीन पुन्हा पिकायला लागते. साहेबांनी काकांना शब्द दिला होता: नकाशाच्या कोपऱ्यात "नमुने" असं लिहून पुढे तुमचं नाव छापू. आमच्या खात्यात गिरमिट फिरवणाऱ्याचं नाव कधीच छापलं गेलेलं नाही. काकांनी वरवर "कशाला उगीच" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी सुताराकडे जाऊन नकाशाच्या मापाची चौकट सांगून आले. घरात बैठकीच्या भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला. नकाशा येईपर्यंत काकू त्या खिळ्याला भाजीची पिशवी अडकवत.

आता त्या नकाशात एक गोम होती. तिला आम्ही पट्टीवाल्या ताई म्हणत असू. कालव्यापलीकडे लांबलचक, अरुंद अशी त्यांची जमीन. दर महिन्याला त्या कार्यालयात येत, माझ्या टेबलावर पांढरं ढेकूळ ठेवत आणि म्हणत, "हे बघा, तुमची हिरवी जमीन." कारण माझ्या नकाशात त्यांची पट्टी हिरवीगार होती. आजूबाजूला सगळं लाल, मध्ये ही हिरवी चिंधी. हिरव्या जमिनीला चर मिळत नाही. मी त्यांना संगणक दाखवायचे. ताई म्हणायच्या, "त्याला सांगा एकदा येऊन पेरून दाखव."

मी वरवर मान हलवायचे, पण ती चिंधी मलाही खुपत होती. म्हणून एका सकाळी मी मॉडेलचा अंदाज आणि मीटरचा आकडा यांत जो फरक उरतो तो घेऊन बसले. चांगल्या मॉडेलमध्ये हा फरक कुठल्याच गोष्टीकडे झुकत नाही. कधी इकडे, कधी तिकडे. मी तो सगळ्यासमोर मांडून बघितला: खोली, महिना, पिशवीचा क्रमांक. काही नाही. शेवटी काहीच उरलं नाही म्हणून नमुना काढल्याच्या वेळेसमोर मांडला, आणि खुर्चीतून उठलेच. सकाळी आठपासून सगळं सरळ. साडेबाराला माती एकदम गोड. दीड वाजला की पुन्हा खारट.

साहेबांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "माती दुपारची पडते की काय जरा?"

"उन्हानं मीटर चुकत असेल," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला माझा मूर्खपणा कळला. मीटर कार्यालयात असतं. माती तिथे चार दिवसांनी पोचते, वाळते, मग मोजली जाते. तिला दुपार झालेली कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर फिरतीवर गेले. सकाळी त्यांच्या घरी पोचले तर काकूंनी माझ्या हातात डबा दिला आणि एक काळी, जुनी, जडशीळ छत्री. "तू तरी सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं छत्री देतेय, उघडत नाहीत. रानात उघड्यावर कुठे सावली, असं म्हणतात. उन्हात बसून जेवतात गं. मला इथे घास गिळवत नाही." काका स्कूटर पुसण्यात गढून गेले होते. कान मात्र आमच्याकडे.

आमच्या कामाची रीत अशी: वर्षाच्या सुरुवातीला मी संगणकावर सोडत काढते आणि भोकांच्या जागा ठरतात. माणसानं निवडायच्या नाहीत, कारण माणूस सोयीचं निवडतो. जागा बांधावर, रस्त्यावर किंवा कुणाच्या घरात आली तर वीस पावलांपर्यंत सरकायची मुभा आहे. दिवसाला आठ भोकं. काकांची फेरी कालव्याच्या तोंडाशी सुरू होते, आणि साडेबाराला आम्ही नेमके ताईंच्या पट्टीवर होतो.

सोडतीत आलेली जागा उघड्या रानात होती. पांढरी, तडकलेली, वर मिठाचा पापुद्रा. काकांनी तिच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, गिरमिट खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले. ओठांत पावलं मोजत होते. बांधाजवळ एक डेरेदार झाड होतं. झाडाखाली पोचले, तिथे गिरमिट लावलं, पाच मिनिटांत माती काढली, पिशवीत चिठ्ठी, पिशवीवर चिठ्ठी. मग हात धुतले आणि डबा उघडला.

"बसा आकडेबाई. गार आहे इथे."

मी बसले नाही. त्या जागेवर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. झाड जिथे उभं आहे ती जमीन गोडच असणार. खारट असती तर झाड जगलंच नसतं! सावलीत ऊन कमी, ऊन कमी म्हणून खालचं मीठ वर येत नाही! ताईंच्या पट्टीवर तुमची सगळी भोकं दुपारी, सगळी याच झाडाखाली, आणि माझ्या नकाशात ती बाई गोडाची झाली! "एकतीस वर्षं, काका! चौदाशे भोकं!"

काकांचा घास हातातच राहिला. "वीस पावलं चालतात की," ते म्हणाले.

"ही किती झाली?"

"त्रेचाळीस." मान खाली. "पण लिहिलंय मी."

"कुठे?"

"वहीत. शेऱ्यात."

मी त्यांच्या हातातली वही ओढून घेतली. आकड्यांच्या रकान्यांनंतर शेवटचा रकाना, शेरा. त्यात त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात: "झाडाखाली. पूर्वेला ४३ पावलं. जेवण." मागचं पान: "झाडाखाली. दक्षिणेला १७ पावलं. जेवण." त्याच्या मागचं पान. त्याच्याही मागचं. दिवसाला एक.

"हे संगणकात का नाही आलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर मला आठवलं. जुन्या वह्या संगणकात घालायचं काम माझ्या पहिल्या वर्षातलं. टाइप करणाऱ्या मुलींना सूचना मी दिल्या होत्या. क्रमांक घ्या, ठरलेली जागा घ्या, वेळ घ्या, मीटरचा आकडा घ्या.

"तुम्हीच म्हणालात ना," काका हळू आवाजात म्हणाले, "शेऱ्यावर गणित होत नाही. सोडून द्या."

मी बसले. झाडाखाली खरोखरच गार होतं. छत्री बुंध्याला टेकवलेली होती, आणि तिच्या बंदावरची गाठ इतकी जुनी होती की ती या वर्षात तरी सुटलेली नव्हती.

साहेबांना दोघांनी मिळून सांगितलं. मी माझं सांगितलं, काकांनी त्यांचं. साहेब माणूस वाईट नाही, पण घाबरट आहे. "म्हणजे नमुने भरवशाचे नाहीत," ते म्हणाले. "चौदाशे चुकीचे, तर बाकीच्यांचं काय? सगळेच वगळा. नुसत्या उपग्रहाच्या चित्रांवर नकाशा करा. पुढच्या शुक्रवारी छपाईला जायचाय." मग काकांकडे न बघता म्हणाले, "नाव मग... बघू."

काकांनी मान डोलावली आणि चाळणी धुवायला निघून गेले. धुतलेलीच चाळणी ते पुन्हा धूत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी साहेबांवर ओरडले, आणि ओरडून झाल्यावर म्हटलं, "आठ दिवस द्या. शेरे घालते."

दुसऱ्या दिवशी काका स्कूटरच्या तीन खेपा करून एकतीस वर्षांच्या कच्च्या वह्या पत्र्याच्या डब्यांतून घेऊन आले. कार्यालयाच्या कपाटात होत्या त्या साफ उतरवून काढलेल्या वह्या, त्यांत शेरे अर्धेमुर्धे. या रानातल्या, मातीच्या बोटांच्या. त्यांनी वाचायचं, मी टाइप करायचं. चौदाशे बारा जेवणं. "झाड, उत्तरेला बारा. झाड, पश्चिमेला एकोणीस. इथे पंपाची खोली, झाड नव्हतं." मध्येच थांबत. "या दिवशी धाकटी झाली. म्हणून अक्षर असं." पुन्हा पुढे. काकू रोज दोन डबे पाठवायला लागल्या. दुसऱ्या डब्यात मीठ बेताचं असे, पाहुणीसाठी.

यातून एक गंमत निघाली. बरीचशी झाडं अजून जागेवर आहेत, म्हणजे झाडापासून ठरलेल्या जागेपर्यंतचं अंतर मला नकाशावरून कळत होतं. पावलं वहीत होती. दोन्ही आकडे हातात आले की काकांचं पाऊल केवढं ते निघतं. मी वर्षावर्षाचं काढलं. आडव्यातिडव्या ठिपक्यांतून एक रेघ गेली, हलकेच खाली उतरणारी, एका जागी मात्र पायरीसारखी.

"काका, पहिल्या वर्षी तुमचं पाऊल शहात्तर सेंटिमीटर होतं. आता एकोणसत्तर."

काकांनी पडद्याकडे वाकून बघितलं. "हे तुमच्या मॉडेलला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. शेऱ्यात."

"ही इथे एकदम उतरलीय ना," काकांनी रेघेवर बोट ठेवलं, "तेव्हा गुडघा धरला." आणि मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते कार्यालयात खुर्ची ओढून बसले, तीही माझ्या टेबलाशी. बसून करायच्या कामाला ते काम म्हणाले नाहीत, पण उठलेही नाहीत.

प्रत्येक गोड नमुना मी त्याच्या खऱ्या जागी, झाडाखाली नेऊन ठेवला, आणि झाडाची सावली माती किती गोड करते तेही मॉडेलला शिकवलं. जी झाडं तोडली गेली होती त्यांची जागा पावलांच्या मापानं काढली. मग पुन्हा नकाशा रंगवला. ताईंची हिरवी चिंधी गेली. उघड्या रानातल्या त्या जागेसाठी मॉडेल म्हणालं, साडेआठ.

साहेबांना हे पुरेना. "अंदाज झाला. प्रत्यक्ष?"

मंगळवारी दुपारी साडेबाराला आम्ही पुन्हा पट्टीवर. या वेळी ताईही होत्या. काका झाडापाशी गेले, पाठ झाडाकडे केली आणि पावलं मोजत पश्चिमेकडे, ठरलेल्या जागेकडे परत निघाले. त्रेचाळीस. ऊन डोक्यावर मी म्हणत होतं. गिरमिट त्या कडक पापुद्र्यात जाईना; काकांनी सगळं वजन मुठीवर टाकलं. मी पुढे झाले तर त्यांनी नजरेनंच मागे सारलं. माती वर आली. त्यांनी चिमूट जिभेला लावली, तोंड वेडंवाकडं केलं, थुंकले.

"किती?" ताईंनी विचारलं.

"मीटर सांगेल," काका म्हणाले. "माझ्यावर आता भरवसा नाही."

"इतकी वर्षं माझ्या झाडाखाली जेवलात," ताई म्हणाल्या, "बोला की आता तोंडानं."

काका हसले. "नऊला थोडं कमी."

गुरुवारी दुपारी माती वाळली, चाळली, ढवळली गेली. मीटरची काडी पाण्यात बुडवली तेव्हा साहेब स्वतः येऊन उभे होते. आठ पॉइंट नऊ. साहेबांचा जीव भांड्यात पडला तो माझ्याआधी. "मग नमुने राहू द्या," ते म्हणाले. "सगळे. आणि चर पट्टीवरून घ्या." दारापर्यंत गेले, परत आले. "आणि नाव छापा."

तेव्हा काका पुढे आले. "नाव छापा, पण खाली एक ओळ घाला."

"कसली?"

"खरं काय ते. वाचणाऱ्याला कळायला नको?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी ओळ लिहिली, काकांनी ती दोनदा वाचून बघितली, वहीत आणि ओळीत, दोन्हीकडे आकडा एकच आहे ना ते तपासलं, आणि मगच नकाशा छपाईला गेला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खिळ्यावरची भाजीची पिशवी गेली होती आणि चौकट लागली होती. लाल-हिरवा नकाशा, ताईंच्या पट्टीतून जाणारी चराची निळी रेघ, कोपऱ्यात काकांचं नाव. काकू चष्मा लावून, पाटावर उभ्या राहून, नावाखालची बारीक अक्षरातली ओळ बोटानं वाचत होत्या.

"साडेबारा ते दीड या वेळेतले नमुने," त्या अडखळत म्हणाल्या, "झाडाच्या सावलीत... जेवणाच्या जागी घेतले आहेत."

काका वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मला वाटलं, आता छत्रीचा हिशेब निघणार. एकतीस वर्षांची ती जडशीळ छत्री कोपऱ्यातच उभी होती.

काकूंनी ओळ परत पहिल्यापासून वाचली. मग चष्मा काढून पदरानं डोळे पुसले, आणि पाटावरून उतरताना एवढंच म्हणाल्या, "सावलीत बसत होते, बाई. रोज."